जुना टॅब: अपडेट मारायचा की आहे तसाच ठेवायचा?

पाच-सहा वर्षं जुना टॅब घरात असला की हा प्रश्न येतोच. सेटिंग्जवर लाल ठिपका दिसत राहतो, रोज रात्री विचारतो आज इन्स्टॉल करू का, आणि घरातला एक जण म्हणतो टाक करून, दुसरा म्हणतो नीट चाललंय ना मग हात लावू नकोस. दोघंही बरोबर असू शकतात, टॅब कुठला आणि त्यावर तुम्ही काय करता यावर आहे सगळं. मी इथे दोन टॅब समोरासमोर ठेवतेय कारण आमच्याकडे पुण्यात कोथरूडला हे दोन्ही आहेत: आईकडे २०२० चा आयपॅड, म्हणजे आठव्या पिढीचा, ३२ जीबीवाला, आणि भाच्याकडे त्याच वर्षीचा सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए७, ज्यावर तो एमपीएससीची लेक्चर्स बघतो, नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत बसून.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारं छोटं अपडेट, वेगळा आणि अख्खं व्हर्जन बदलणं वेगळं. आयपॅडची सिस्टिम (आयपॅडओएस) १८ वर असेल आणि त्या १८ च्या आतला पुढचा छोटा आकडा आला तर तो पॅच, तो घ्यायचा, त्यात फार विचार करण्यासारखं काही नसतं. १८ वरून २६ वर जाणं हे व्हर्जन बदलणं (मधले आकडे हरवलेले नाहीत, ॲपलने २०२५ मध्ये नंबर सालावरून द्यायला सुरुवात केली म्हणून १८ नंतर थेट २६). खरा निर्णय या दुसऱ्याचाच आहे. सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर कधी कधी दोन्ही एकत्र दिसतात, मोठं वर आणि छोटं खाली 'अल्सो अव्हेलेबल' म्हणून, आणि लोक घाईत वरचं दाबतात, तेवढं बघा.

आता आयपॅड. आठव्या पिढीत ए१२ चिप आणि ३ जीबी रॅम आहे, आणि २६ अधिकृतपणे यावर चालतं, सातव्या पिढीला मात्र १८ वरच थांबावं लागतं. मिळतं काय, तर खिडक्या उघडून दोन-तीन ॲप शेजारी ठेवता येतात, पीडीएफसाठी प्रिव्ह्यू ॲप येतं, दिसायला सगळं काचेसारखं होतं. ॲपल इंटेलिजन्स मिळत नाही, त्याला एम१ किंवा ए१७ प्रो लागते, त्यामुळे जाहिरातीत एआयचं बघून अपडेट करणार असाल तर थांबा, या आयपॅडवर ते येणारच नाही. आणि ज्यांना एका बाजूला सरकवून ठेवलेलं छोटं ॲप म्हणजे स्लाइड ओव्हर वापरायची सवय आहे त्यांनी लक्षात घ्या की २६ मध्ये ते काढलं होतं आणि २६.१ मध्ये परत आणलं, म्हणून गेलात तरी पहिल्या आकड्यावर जाऊन थांबू नका.

सॅमसंगचं चित्र वेगळं. टॅब ए७ अँड्रॉइड १० घेऊन आला आणि १२ वर त्याचा रस्ता संपला. म्हणजे तिथे १३ घेऊ का १४ घेऊ हा प्रश्नच नाही, प्रश्न एवढाच की १० किंवा ११ वर अडकलेला असेल तर १२ पर्यंत न्यायचा का. माझं मत, न्या. कारण सॅमसंगचे पॅच पुढच्या व्हर्जनसोबतच येतात, ११ वर बसून १२ चे पॅच मिळत नाहीत. त्याच्यानंतरचा टॅब ए८ असेल तर तो ११ वरून १४ पर्यंत जातो, तिथेही हेच.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा ब्राउझरचा, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. आयपॅडवर सफारीचं इंजिन, म्हणजे वेबसाइट उघडून दाखवणारा आतला भाग, वेबकिट नावाचा, सिस्टिमबरोबर बांधलेलं असतं. तुम्ही क्रोम टाकलं तरी आतून तेच वेबकिट चालतं, म्हणजे सिस्टिम जुनी राहिली की त्यावरचे सगळे ब्राउझर आतून जुने राहतात, आणि मग एक दिवस बँकेची साइट नीट उघडत नाही, कुठला तरी सरकारी फॉर्म अर्ध्यात अडकतो आणि माणूस वायफायला दोष देत बसतो. अँड्रॉइडवर क्रोम आणि ॲपच्या आत पानं दाखवणारं वेबव्ह्यू दोन्ही प्ले स्टोअरवरून वेगळे अपडेट होतात, त्यामुळे अँड्रॉइड १२ चा टॅब वेबसाइटच्या दृष्टीने आजही ताजा असतो. त्याला खालून मर्यादा आहे, २०२५ मध्ये क्रोमच्या १३९ नंबरपासून अँड्रॉइड १० च्या खालच्यांना नवीन क्रोम बंद झालं. पण १० आणि वर असाल तर अपडेट न करणं अँड्रॉइडवर जितकं खपून जातं तितकं आयपॅडवर खपत नाही. जुन्या आयपॅडसाठीही ॲपल अधूनमधून पॅच काढतं, पण मागच्या व्हर्जनमध्ये सगळ्या त्रुटी दुरुस्त होतीलच असं नाही हे ते स्वतःच सांगतात.

दुसरा मुद्दा परतीचा. आयपॅडवर जुन्या व्हर्जनला ॲपलची सही, म्हणजे ते इन्स्टॉल करायला ॲपलच्या सर्व्हरची मंजुरी, मिळणं बंद झालं की मागे जाता येत नाही, आणि ही सही नवीन व्हर्जन आल्यावर थोडेच दिवस चालू असते. शिवाय नवीन व्हर्जनवर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढत नाही. सॅमसंगमध्येही बूटलोडरचा (टॅब सुरू होताना सिस्टिम चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) आकडा वाढला की मागचं फर्मवेअर, म्हणजे आधीची सिस्टिम, घेत नाही. म्हणजे 'करून बघू, नाही आवडलं तर परत' हा पर्याय दोन्हीकडे नाही असंच धरून चाला.

जागेचं म्हणाल तर ३२ जीबीवर खरी अडचण तीच आहे. आईच्या आयपॅडमध्ये नातवंडांचे व्हिडिओ आणि कीर्तनं इतकी आहेत की अपडेट उतरवायलाच जागा नाही. यावर उपाय सोपा आहे, लॅपटॉपला केबलने जोडा आणि मॅकवर फाइंडर किंवा विंडोजवर ॲपल डिव्हाइसेस नाहीतर आयट्यून्समधून करा, फाइल लॅपटॉपवर उतरते आणि आयपॅडवर कमी जागा लागते. बॅकअपही तिथेच घ्या, आयक्लाउडचे फुकटचे ५ जीबी कुठे पुरतात. आणि स्टोरेज काठोकाठ भरलं की टॅब तसाही हळू होतो, त्यामुळे आधी जागा रिकामी करून चार दिवस वापरून बघा, बऱ्याचदा हळूपणा तिथेच निघतो.

मग आईचं काय? ती बँकेची साइट वापरते, पेपर ऑनलाइन वाचते, म्हणून तिला मी २६ वर नेणार, ओळखीच्यांनी महिनाभर वापरून काही ओरड केली नाही की मग, आणि ॲक्सेसिबिलिटीमध्ये रिड्यूस ट्रान्सपरन्सी चालू करून देणार, काचेमुळे अक्षरं वाचायला त्रास नको. तोच आयपॅड नुसता व्हिडिओ आणि उतरवून ठेवलेली पुस्तकं यांच्यासाठी असता तर मी १८ वरच ठेवला असता, पॅच येतायत तोपर्यंत. आणखी जुने असतील तर ठरवायला काही उरतच नाही: आयपॅड एअर २ चं १५ वर संपलं, पाचव्या पिढीचं १६ वर, सहाव्याचं १७ वर, तिथपर्यंत जा आणि बँकेची कामं फोनवर करा.

कधी करायचं तेही बघा. परीक्षा तोंडावर असताना अजिबात नाही, भाच्याला हे दोनदा सांगितलंय. गुरुवारी नको, आमच्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट बहुधा त्याच दिवशी जाते, आणि लाइट गेली की राउटर बंद. रात्री चार्जरला लावून करा आणि पुढचे एक-दोन दिवस टॅब गरम झाला, बॅटरी भरभर उतरली तर लगेच तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बॅटरी बदलायला पळू नका, आत फोटो आणि फाइलींची यादी नव्याने बनत असते. आठवडाभरानेही तसंच राहिलं तर मग बॅटरी दाखवा.

टॅब ए७ वाले विचारतात की १२ नंतर लिनिएज (सॅमसंगची नसलेली, बाहेरच्यांनी बनवलेली अँड्रॉइड) वगैरे टाकू का. अभ्यासाचा टॅब असेल तर मी नाही म्हणेन. बूटलोडर उघडला की सॅमसंगचं नॉक्स, म्हणजे त्यांची सुरक्षा व्यवस्था, कायमचं जातं, बऱ्याच बँकांची ॲप चालायला नकार देतात, आणि काही बिघडलं तर दुरुस्त करत बसायला वेळ कोणाकडे आहे, मुख्य परीक्षा समोर असताना.