सेल्फ-एन्क्रिप्टिंग ड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओपल २.० हे ड्राइव्हच्या कुलपाचं मानक पाळणारी सेल्फ-एन्क्रिप्टिंग, म्हणजे डेटा स्वतःच सांकेतिक रूपात साठवणारी, एसएसडी गेले काही महिने माझ्या रोजच्या लॅपटॉपमध्ये आहे. घेतली ती पासवर्डच्या कुलपासाठी. आज कुणी विचारलं तर सांगेन, कुलूप ठीक आहे, पण ही ड्राइव्ह घ्यावी ती पुसण्याच्या सोयीसाठी.

या ड्राइव्हचं एन्क्रिप्शन आपण ‘चालू’ करत नाही, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिल्या दिवसापासून तिचा कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी आतली चिप, सगळा डेटा एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीने एन्क्रिप्ट करूनच साठवतो. किल्ली ड्राइव्हच्या आतच तयार होते आणि आतच राहते. पासवर्ड ठेवलेला नसेल, तर वाचणाऱ्या कुणालाही ड्राइव्ह डेटा उलगडून देते, म्हणजे संरक्षण काहीच नाही. पासवर्ड ठेवला की त्याच्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही. म्हणूनच पासवर्ड लावणं किंवा बदलणं क्षणात होतं, डेटा पुन्हा लिहावा लागत नाही. वेगात मला फरक जाणवला नाही. जाणवायचं कारणही नाही, कारण कुलूप असो वा नसो, कंट्रोलर काम तेवढंच करतो.

मी सेडयुटिल हे अशा ड्राइव्हसाठीचं साधन वापरून कुलूप लावलं. लॅपटॉप सुरू केला की आधी ड्राइव्ह स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम दाखवते, तो पासवर्ड मागतो, बरोबर असेल तर मशीन पुन्हा सुरू होतं आणि मग खरी सिस्टिम दिसते. याची सवय होते. स्लीपची मात्र होत नाही. ड्राइव्हचा वीजपुरवठा तुटला की ती लॉक होते, आणि झोपेतून उठलेल्या सिस्टिमला ती सापडत नाही. लिनक्समध्ये आवृत्ती ४.११ पासून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, पासवर्ड जपून ठेवून ती उघडू शकतो, पण मग तो पासवर्ड मेमरीत राहतो. उलट, वीज चालू असेपर्यंत ड्राइव्ह उघडीच असते, नुसतं रीस्टार्ट केल्याने ती लॉक होईलच असं नाही. म्हणून मी स्लीप बंद करून टाकलं. लॅपटॉप घेऊन बाहेर पडायचं तर पूर्ण शटडाऊन.

जुन्या लॅपटॉपमधल्या साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीच्या) ड्राइव्हला बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून, पासवर्ड होता. तिथे यूझर आणि मास्टर असे दोन पासवर्ड असतात. पातळी ‘हाय’ असेल तर मास्टरनेही डेटा उघडतो, ‘मॅक्झिमम’ असेल तर मास्टरने फक्त ड्राइव्ह पुसता येते. मास्टर पासवर्ड कारखान्यातलाच ठेवून ‘हाय’वर राहणं धोक्याचं आहे. शिवाय आपण टाइप केलेला पासवर्ड प्रत्येक बायोस आपापल्या पद्धतीने रूपांतरित करतो. ती साटा ड्राइव्ह दुसऱ्या बनावटीच्या लॅपटॉपमध्ये लावली, तर तोच पासवर्ड नाकारला गेला. परत मूळ मशीनमध्ये नेऊन कुलूप काढावं लागलं. लॅपटॉपचा मदरबोर्डच गेला असता तर?

कुलपावर माझा पूर्ण भरवसा नसण्याचं मोठं कारण २०१८ मधलं आहे. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हॅन गास्टेल यांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही ड्राइव्ह तपासल्या. त्यातल्या काहींमध्ये पासवर्ड आणि किल्ली यांचा एकमेकांशी गणिती संबंधच नव्हता. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम, फक्त पासवर्ड जुळतो का ते पाहत होतं, आणि ती तपासणी वळसा घालून टाळता येत होती. त्या काळी विंडोजचं बिटलॉकर हे एन्क्रिप्शन साधन अशी ड्राइव्ह दिसली की एन्क्रिप्शन तिच्यावरच सोपवायचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या ड्राइव्हसाठी ही पद्धत बदलली. मी स्वतः वर लक्सचा, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनचा, थर ठेवला आहे. आजच्या प्रोसेसरना त्याचा भार फारसा पडत नाही, आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो.

आता पुसण्याबद्दल. एसएसडीवर शून्य लिहून डेटा पुसता येतो हा समज सोडायला हवा. झीज सर्व ब्लॉकवर सारखी वाटली जावी म्हणून कंट्रोलर नवं लिखाण दुसरीकडेच ठेवतो, आणि राखीव जागेतल्या जुन्या प्रतींपर्यंत आपण पोचतच नाही. सेल्फ-एन्क्रिप्टिंग ड्राइव्हमध्ये फक्त किल्ली बदलायची. जुनी किल्ली नष्ट झाली की त्या जुन्या प्रतींसह सगळं एका फटक्यात निरर्थक होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१४ च्या ८००-८८ मार्गदर्शिकेत ही पद्धत अटींसह मान्य केली आहे. एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या ड्राइव्हला फॉरमॅट आदेशातली क्रिप्टो इरेझ (किल्ली बदलून पुसणं) ही निवड असते, आणि ती काही सेकंदांत आटोपते. साटा ड्राइव्हवर एचडीपार्म हे लिनक्सचं साधन ड्राइव्ह ‘फ्रोझन’ (गोठवलेली) म्हणून अडवत असेल, तर लॅपटॉप एकदा झोपवून उठवला की बहुधा वाट मोकळी होते. किल्ली फर्मवेअरने खरंच बदलली की नाही हे बाहेरून कळत नाही. तिथे लक्सचा थर पुन्हा उपयोगी पडतो: आधी त्याचा हेडर, म्हणजे त्याच्या किल्ल्या असलेला सुरुवातीचा भाग, पुसायचा, मग ड्राइव्हची किल्ली बदलायची.

पासवर्ड विसरलात तर डेटा गेला, त्याला उपाय नाही, म्हणून बॅकअप वेगळा हवाच. ड्राइव्ह मात्र वाचते. लेबलवर छापलेल्या पीएसआयडी या ३२ अक्षरांच्या कोडने ती कोरी होऊन पुन्हा वापरता येते. ते लेबल बसवल्यावर हीटसिंकखाली जातं, तेव्हा स्क्रू घट्ट करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.