मळ्यातल्या माणसानं पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर?

निफाडच्या आमच्या शिवारात कुणाला हत्याराचा परवाना मिळाला की तो चार दिवसांत ओट्यावर येऊन बसतो आणि विचारतो, "काका, पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर?" मी दोन्ही बाळगली आहेत. आधी सात वर्षं पिस्तूल, त्यानंतर आजतागायत रिव्हॉल्व्हर. दोन्ही बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), कारण नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. तो विषय तिथेच संपतो.

पिस्तूल सासऱ्यांकडून आलं होतं. जुना इंपोर्टेड माल, सिंगल अॅक्शन, घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडा) आत लपलेला. १९८० च्या दशकाच्या मध्यात सर्वसामान्यांसाठी आयात बंद झाली, त्यामुळे असली हत्यारं आज हातोहात आणि महाग विकली जातात. मला तर ते आयतं मिळालं, म्हणून खूष होतो. खूष असायला दुसरंही कारण होतं. देवळालीला तोफखान्यात असताना माझ्या हाताला नऊ एमएम वन-ए या फौजी पिस्तुलाची सवय लागली होती. ईशापूरला बनणारं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं, तेरा राउंडांचं, म्हणजे काडतुसांचं, आणि तेही सिंगल अॅक्शन. चापाला काम एकच, चढलेला घोडा सोडायचा. त्यामुळे चाप हलका आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखा. रेंजवर नवख्या माणसाचे नेमही सिंगल अॅक्शनवर लवकर जमतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय पिस्तूल चपटं असतं. शर्टाखाली कमरेला लावून नाशिकला बँकेत जाऊन या, शेजारच्याला पत्ता लागत नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं गोल सिलिंडर बरगडीखाली टोचतं आणि शर्ट फुगवतं. इथवर पिस्तुलाचं पारडं जड आहे, हे मी मान्य करतो.

पण ते बाळगायचं कसं, इथे अडचण सुरू होते. सिंगल अॅक्शन पिस्तूल एकतर चेंबर (नळीच्या मागचं काडतुसाचं घर) रिकामं ठेवून बाळगा, नाहीतर चेंबर भरून, घोडा चढवून, सेफ्टी लावून. अमेरिकेत १९११ च्या पद्धतीचं पिस्तूल बाळगणारे बरेच जण दुसरा मार्ग धरतात आणि त्यांचा सराव असेल तर त्यात चूक नाही. आमच्या नोकरीतली सवय चेंबर रिकामं ठेवायची. मी दोन्हींच्या मधला मार्ग काढला. घरात रिकामं, आणि रात्री मोटर चालू करायला निघालो की भरलेलं. परत आलो की मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढायचं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची, राउंड बाहेर, पुन्हा मॅगझीनमध्ये. महिन्यातून पंधरा रात्री हाच कार्यक्रम.

एकदा साफसफाईला बसलो असताना टेबलावर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी होती. एक दुसऱ्यापेक्षा केसभर बुटकं दिसलं. आधी वाटलं नजरेचा दोष. मग पट्टी आडवी ठेवून पाहिली, तर खरंच बुटकं. रोज चेंबरमध्ये जाणारं-येणारं तेच एक वरचं काडतूस होतं. दर वेळी स्लाइडचा धक्का खाऊन त्यातली गोळी पितळी पुंगळीत मागे सरकत गेली होती. गोळी आत बसली की दारूला जागा कमी पडते आणि फुटताना दाब वाढतो. असं काडतूस वापरायचं नसतं. काडतुसं मोजून मिळतात, त्यामुळे त्यातलं एक बाजूला काढताना जीव हळहळला. तेव्हापासून वरचं काडतूस आलटून पालटून ठेवू लागलो. म्हणजे रोजच्या कामात आणखी एका कामाची भर.

एवढंही मी चालवून घेतलं असतं. पौषातल्या एका रात्रीनं मात्र माझं मत फिरवलं.

रात्री साडेबाराला लाईट आली होती. बागेत ड्रिपचा व्हॉल्व पाहायला गेलो. वाकून पाइप हाताळायचे होते, म्हणून त्या दिवशी चेंबर रिकामं ठेवलं होतं. उसाच्या बाजूनं पाचट वाजलं आणि मोत्या गुरगुरायला लागला. डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात पिस्तूल. स्लाइड ओढायला दुसरा हात लागतो. मी बॅटरी काखेत धरली, उजेड उसावरून उठून मांडवाच्या तारांवर गेला आणि समोर मिट्ट काळोख झाला. स्लाइड ओढली, बॅटरी पुन्हा हातात घेतली, उजेड खाली आणला. पंधरा फुटांवर शेजारच्या मळ्यातला सालदार उभा होता, डोक्यावरून घोंगडी घेतलेला. आठ दिवसांपूर्वीच कामाला लागलेला माणूस, कुत्र्यालाही ओळख नव्हती. "भाऊ, मी आहे, पाणी पाहायला आलो," म्हणाला. माझं बोट चापावर नव्हतं, पण घोडा चढलेला होता. ज्या हलक्या चापाचं मी वर कौतुक केलं, तोच चाप त्या क्षणी माझ्या हातात होता. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी ते पिस्तूल खाली करताना मला घाम फुटला.

चूक माझीच होती. समोर कोण आहे हे दिसण्याआधी हत्यार बाहेर काढायचं नसतं. पण उजेड हलला नसता तर माणूस आधी दिसला असता, हेही तितकंच खरं. मळ्यात रात्री डावा हात कधीच मोकळा नसतो. त्यात बॅटरी असते, काठी असते, पान्हा असतो. दोन्ही हात मागणारं हत्यार शहरातल्या माणसाला चालेल, मला नाही.

पुढच्या वर्षी कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर घेतलं. वेब्लीच्या जुन्या घडणीचं, नळी खाली झुकवून उघडायचं. ते कमरेला असताना चेंबर भरलंय का रिकामं, हा प्रश्नच उरत नाही. उंबऱ्याशी आलो की बॅटरी खिळ्याला अडकवतो, नळी अर्धी झुकवतो आणि उजेडात पितळी बुडं मोजतो. पूर्ण झुकवली की काडतुसं वर उचलली जाऊन तळहातावर येतात. मग नातू येऊन बिलगला तरी मनात धाकधूक नसते. मी सहा घरांत पाचच भरतो, घोड्याखालचं घर रिकामं. १८७३ च्या कोल्ट सिंगल अॅक्शनवाल्यांची ही रीत. घोडा नुसता आपटला तरी गोळी सुटू नये म्हणून त्यांनी ती पाडली. रुगर कंपनीनं १९७३ मध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा धक्का काडतुसापर्यंत न पोचू देणारी पट्टी) बसवून त्यांच्या रिव्हॉल्व्हरमधली ही गरज संपवली, पण माझी सवय मला सोडायची नाही.

रिव्हॉल्व्हरचे दोष आहेतच. डबल अॅक्शनचा चाप घोडा चढवतोही आणि सोडतोही, म्हणून एका हातानं भागतं, पण तो लांब आणि जड, नेम खाली ओढतो. अंगठ्यानं घोडा चढवला की तेच हत्यार सिंगल अॅक्शन होतं आणि नेम सुधारतो, पण चढवलेला घोडा अंधारात अलगद उतरवणं हे जोखमीचं काम आहे, म्हणून ते मी रेंजपुरतंच ठेवलंय. वजन नको असेल तर २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' पाहा, अर्ध्या किलोच्या आसपास आहे.

आता बिबट्याबद्दल, कारण निम्मे लोक त्याच्यासाठीच हत्यार घेतात. बत्तीस बोअर बिबट्यासाठी नाही, ना पिस्तूल ना रिव्हॉल्व्हर. जखमी बिबट्या आख्ख्या वस्तीला भारी पडतो, आणि तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. जोडीनं जा, मोठ्यानं बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा, बॅटरी चांगली घ्या. केबल कापणाऱ्या चोराचा जीव घ्यायचा हक्कही कायदा देत नाही. कमरेचं हत्यार फक्त आपल्याच जीवावर बेतलं तर. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे परवान्याची नोंद वन्यजीव विभागाकडेही लागते, आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेताना ते घरीच कुलपात राहू द्या.

शहरात राहणाऱ्यानं, रोज कपड्यांखाली बाळगणाऱ्यानं, महिन्याला रेंजवर जाणाऱ्यानं पिस्तूल घेतलं तर मी अडवणार नाही. त्याच्या हाताला ते कदाचित जास्त शोभेल. मळ्यात राहणाऱ्यानं मात्र पैसे मोजण्याआधी एक करावं. दुकानात जाताना घरची बॅटरी बरोबर न्यावी. दुकानदाराकडून दोन्ही हत्यारं रिकामी करून, तपासून घ्यावीत. मग डाव्या हातात पेटती बॅटरी भिंतीवरच्या एका खुणेवर धरावी आणि उजव्या हातानं एकेक हत्यार कमरेवरून काढून तयार करून पाहावं. कोणत्या हत्याराच्या वेळी उजेड खुणेवरून हलतो, तेवढं बघावं.