सेमाडोहच्या गेटवर कळलं, परवाना बनावट आहे

मे महिन्यात अंजनगावात पारा 45 च्या घरात गेला की चिखलदरा आठवतंच. यंदा भाचे हट्टाला पेटले, सोबत जंगल सफारीही हवी. फेसबुकवर एकाची जाहिरात दिसली: 'गुगामल कोअर सफारी, चिखलदऱ्यात रूम, वाघ हमखास.' गुगामल म्हणजे मेळघाटातलं राष्ट्रीय उद्यान, कोअर म्हणजे जंगलाचा आतला गाभा. मेळघाटात हमखास वाघ! उभे डोंगर, दाट सागवान. तिथं रानगवा दिसला तरी लोक खूश होतात.

फोनवर माणूस मोठा गोड. "भाऊ, सीझन आहे, गेटवर जिप्सी भेटणार नाही. अर्धे आत्ता टाका." मग तासाभरानं, "रूम दुसऱ्याला जाऊन राहिली, बाकीचेही टाकून द्या." साडेनऊ हजार गेले. व्हॉट्सअॅपवर परवाना आला. वर वाघाचं चित्र, खाली गोल शिक्का, झकास.

परतवाड्याहून घाट चढायला लागलं की मोबाइलची रेंज येते-जाते, पुढे तर जातेच. सगळा डाव त्यावरच रचलेला. सेमाडोहच्या गेटवर वनरक्षकानं कागद बघितला आणि दुसऱ्या पर्यटकांचा परवाना शेजारी धरला. त्यावर प्रत्येकाचं नाव अन् ओळखपत्राचा क्रमांक. आमच्यावर फक्त 'देशमुख + 5'. "दादा, हा आमचा नाही," तो म्हणाला. एजंटला फोन लावावा तर काडी एकही नाही. मागे रांग, पोरं रडवेली. चिखलदऱ्याला पोचलो तर लॉजवाल्याच्या वहीतही आमचं नाव नव्हतं. रेंज आली तेव्हा एजंटचा फोन बंद.

तिथूनच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेलाही कळवलं. हे जितकं लवकर कराल तितकं बरं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. आमचे सरकून गेले होते, बँक म्हणते चौकशी चालू आहे.

तुम्ही निघणार असाल तर सफारी वनविभागाच्या संकेतस्थळावरूनच काढा. कोणी काढून देतो म्हणाला आणि सोबतच्या माणसांच्या ओळखपत्रांचे क्रमांक मागितलेच नाहीत, तर तिथंच फोन ठेवा. खोलीसाठी लॉजचा नंबर स्वतः शोधून थेट मालकाशी बोला. आणि ही सगळी खातरजमा परतवाड्यातच उरका, चहा पिता पिता. घाटात गाडी शिरली की मग कोणाला विचारणार?