फोर-क्रॉस, बीएमएक्स की डाउनहिल : हौशी स्पर्धकाने कोणती शर्यत निवडावी?

माउंटन बाइक काही वर्षे चालवून झाली, उतारावरच्या वेगाची धास्ती ओसरली आणि आता शर्यतीत उतरावे असे वाटू लागले, की ब्रिटन किंवा मध्य युरोपात राहणाऱ्या प्रौढ सायकलस्वारापुढे तीन मुख्य पर्याय असतात : डाउनहिल, बीएमएक्स रेसिंग आणि या दोहोंमध्ये बसणारी फोर-क्रॉस. वेग, उड्या आणि फुल-फेस हेल्मेट तिन्हींत असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकाच कुळातल्या वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकीला लागणारी सायकल, सरावाची जागा, सुट्टीचा वेळ आणि मनाची तयारी निराळी असते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेला, सह्याद्रीतल्या पायवाटांवर सायकल चालवून आलेला आणि पहिल्या हंगामाचा खर्च करण्याआधी नीट विचार करू इच्छिणारा मराठी वाचक या लेखनामागे डोळ्यांसमोर आहे. माझे मत आरंभीच सांगतो : घड्याळाशी नव्हे तर शेजारच्या स्वाराशी झुंजण्याची ओढ ज्याला आहे, त्याला फोर-क्रॉसइतका आनंद दुसरी कोणतीही शर्यत देत नाही, मात्र ती एकटीच्या बळावर हंगाम भरून काढत नाही, आणि निवड करताना याच गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

फोर-क्रॉसमध्ये चार स्वार एकाच गेटवरून, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या खाली पडणाऱ्या फाटकावरून, एकदम सुटतात आणि मातीने बांधलेल्या उताराच्या ट्रॅकवरून खाली येतात. ट्रॅकवर टेबलटॉप (सपाट माथ्याचे टेकाड), डबल (मध्ये खोलगट जागा असलेली दोन टेकाडे), स्टेप-अप (खालून उंच जागी नेणारी) अशा उड्या असतात, बाहेरच्या कडेने उंच बांधलेली वळणे म्हणजे बर्म असतात, आणि काही ठिकाणी खडकाळ पट्टा किंवा सपाट, निसरडे वळणही ठेवलेले असते. साधारण अर्ध्या ते एका मिनिटात सगळे आटोपते आणि पहिले दोघे पुढच्या फेरीत जातात. सोळा स्पर्धक असतील तर चार फेऱ्यांतून आठ जण उपांत्य फेरीत येतात, दोन उपांत्य फेऱ्यांतून चार जण अंतिम फेरीत पोहोचतात, आणि उपांत्य फेरीत मागे राहिलेले चौघे पाचव्या ते आठव्या क्रमांकासाठी पुन्हा धावतात. बऱ्याच हौशी स्पर्धांत त्याआधी बीएमएक्सप्रमाणे साखळी फेऱ्या घेतल्या जातात, त्यामुळे नवखा स्वारही दिवसातून अनेकदा गेटवर उभा राहतो आणि पहिल्याच चुकीने घरी जात नाही.

डाउनहिलची रचना याच्या अगदी उलट आहे. तिथे स्वार ठरावीक अंतराने एकेकटे सुटतात, ट्रॅक दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून लांब असतो, उतरायला काही मिनिटे लागतात आणि निकाल सेकंदाच्या अंशांवर ठरतो. हौशी स्पर्धेत प्रत्यक्ष मोजल्या जाणाऱ्या धावा बहुधा एक किंवा दोनच असतात. म्हणजे दोन दिवस घालवून खऱ्या अर्थाने शर्यत होते ती काही मिनिटांची. हे मी उणेपणा म्हणून सांगत नाही. मुळे, दगड, चिखल यांनी भरलेला लांब उतार मनात पाठ करणे, कुठे ब्रेक सोडायचा आणि कुठली रेघ, म्हणजे ट्रॅकवरची नेमकी वाट, धरायची हे पायी फिरून ठरवणे आणि मग ते सगळे एकाच धावेत जुळवून आणणे, यातच त्या खेळाचे सौंदर्य आहे. ज्याला एकांत आणि अचूकता प्रिय आहे, त्याने फोर-क्रॉसच्या धक्काबुक्कीच्या वाट्याला जाऊ नये. त्याचा जीव डाउनहिलमध्येच रमेल.

बीएमएक्स रेसिंगमध्ये आठ स्वार उंच चढवलेल्या गेटवरून सुटतात आणि सुमारे 300 ते 400 मीटरचा, सपाट जागेत वळणे घेत जाणारा ट्रॅक पुरा करतात. उतार फक्त सुरुवातीच्या टेकाडाचा; पुढचा वेग पायांनी आणि पंप करण्याच्या, म्हणजे टेकाडांवर अंग खाली-वर दाबून वेग मिळवण्याच्या, कौशल्याने टिकवावा लागतो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये असल्यामुळे त्याच्यामागे संघटना, प्रशिक्षक आणि नगरपालिकांच्या जागा उभ्या राहतात. शहराच्या कडेला ट्रॅक, आठवड्याच्या संध्याकाळी क्लबचा सराव, प्रादेशिक मालिका आणि वयोगटांची शिस्तशीर विभागणी हे सगळे त्यातून आलेले आहे. फोर-क्रॉसला यातले फारच थोडे लाभले आहे, आणि त्याचे कारण समजून घेतल्याखेरीज निवड करता येत नाही.

विश्वचषक मालिकेत 2002 साली ड्युअल स्लॅलमची, म्हणजे दोघा स्वारांच्या शर्यतीची, जागा फोर-क्रॉसने घेतली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियातील काप्रुन येथे पहिले जागतिक विजेते ठरले : पुरुषांत अमेरिकेचा ब्रायन लोप्स आणि स्त्रियांत फ्रान्सची ॲन-कॅरोलिन शोसाँ. पुढची दहा वर्षे बऱ्याचदा संध्याकाळी प्रकाशझोतात होणारी ही शर्यत प्रेक्षकांची आवडती होती. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमच्या ट्रॅकवर 2007 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. परंतु 2011 च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने फोर-क्रॉसला विश्वचषकातून वगळले. 2012 पासून फोर-एक्स (फोर-क्रॉसचेच छोटे नाव) प्रो टूर ही स्वतंत्र मालिका उभी राहिली, जागतिक अजिंक्यपद लिओगांग आणि नंतर व्हाल दी सोले येथे होत राहिले, पण मोठ्या मालिकेचा आधार गेला तो गेलाच. तेव्हापासून हा खेळ टिकला आहे तो ट्रॅकची माती स्वतः फावड्याने सारखी करणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेट्सचा खडकाळ टप्प्यांसाठी ओळखला जाणारा ट्रॅक किंवा पोलंडमधील श्चावनो-झ्द्रुईचा ट्रॅक अशा ठिकाणी या खेळाची मुळे घट्ट आहेत. हौशी स्पर्धकाने यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वर चढत जाण्याची ठरलेली शिडी इथे नाही. आणि समुदाय लहान असल्यामुळे नवख्याला मिळणारी आपुलकी व मार्गदर्शन मात्र इतरत्र सहसा न मिळणारे असते. ज्यांनी हा ट्रॅक बांधला, तेच आपल्या शेजारच्या गेटवर उभे असतात, आणि पहिल्या सरावधावेआधी कोणती उडी आज टाळावी हेही तेच सांगतात.

सायकलीचा प्रश्न अनेकांना सर्वांत अवघड वाटतो. माझ्या मते तोच सर्वांत सोपा आहे. डाउनहिलला पुढे-मागे सुमारे 200 मिलिमीटर सस्पेन्शनची, जड आणि महाग सायकल लागते, आणि ती अन्य कुठल्याही कामाची नसते. बीएमएक्सची 20 इंची चाकांची, एकाच गिअरची सायकल तिन्हींत स्वस्त व देखभालीला सोपी. उंच किंवा वयाने मोठ्या स्वारांसाठी 24 इंची चाकांचा क्रूझर गट असतो आणि तो प्रौढ नवख्याला पुष्कळच सुसह्य वाटतो. फोर-क्रॉससाठी 26 इंची चाकांची मजबूत हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, आणि पुढे सुमारे 100 मिलिमीटरचा कडक बसवलेला फोर्क पुरेसा होतो. पुढे एकच चेनरिंग, साखळी उतरू नये म्हणून चेन गाइड, मागे जवळजवळच्या दातांची कॅसेट, खाली केलेली सीट आणि कमी नक्षीचे, घट्ट फुगवलेले टायर एवढी तयारी झाली की शर्यतीला उभे राहता येते. डर्ट जंपिंगसाठी, म्हणजे मातीच्या टेकाडांवरून उड्या मारण्यासाठी, बनवलेली सायकल ज्याच्याकडे आहे, त्याने तिला गिअर आणि दोन चांगले ब्रेक आहेत एवढे पाहावे आणि नवीन खरेदीचा विचार पहिल्या हंगामापुरता तरी बाजूला ठेवावा. शंभर मिलिमीटरच्या फुल-सस्पेन्शन सायकली खडबडीत ट्रॅकवर वेगवान ठरतात हे खरे. पण तो फरक जाणवण्याइतके कौशल्य येईपर्यंत तो पैसा प्रवासावर आणि सरावावर घालवणे अधिक फळते.

आता मूळ मुद्दा, कौशल्याचा. फोर-क्रॉसची शर्यत पुष्कळ वेळा पहिल्या वळणापर्यंत ठरते. गेट पडण्याआधी ध्वनिमुद्रित आवाजात सूचना येते, दिवे आणि टोले लागतात, आणि त्या क्षणी शरीर पुढे झोकून पेडलच्या पहिल्या तीन-चार फेऱ्यांत जो पुढे निघतो त्याला बर्ममध्ये हवी ती रेघ मिळते. यालाच होलशॉट म्हणतात. हे तंत्र सर्वस्वी बीएमएक्सचे आहे आणि ते फक्त गेटवर वारंवार उभे राहूनच येते. उतारावर कितीही निष्णात असलेला डाउनहिल स्वार पहिल्या फोर-क्रॉसमध्ये तिसरा किंवा चौथा सुटतो तो याच कारणाने. उलट निव्वळ बीएमएक्समधून आलेला स्वार गेटवरून पुढे निघतो, पण खडकाळ पट्ट्यात किंवा ओल्या, सपाट वळणावर ब्रेक व टायर यांचा अंदाज चुकून जागा गमावतो. दोन्ही तंत्रे साधलेले फार थोडे असतात, आणि जे असतात त्यांची नावे पाहिली म्हणजे या खेळांचे नाते स्पष्ट होते. शोसाँने डाउनहिल आणि फोर-क्रॉस दोन्हींत जागतिक विजेतेपदे मिळवली आणि 2008 मध्ये स्त्रियांच्या बीएमएक्सचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्याच शर्यतीत कांस्यपदक मिळवणारी जिल किंटनर 2005 ते 2007 अशी सलग तीन वर्षे फोर-क्रॉसची जागतिक विजेती होती. आणि ऑस्ट्रेलियाचा जॅरेड ग्रेव्ह्ज बीजिंगला बीएमएक्समध्ये उतरून पुढच्याच वर्षी कॅनबेरात फोर-क्रॉसचा जागतिक विजेता झाला.

मागे पडल्यावर पुढच्याला गाठण्याची संधी मात्र बीएमएक्सपेक्षा फोर-क्रॉसमध्ये अधिक मिळते, आणि मला हा खेळ विशेष प्रिय आहे तो यामुळेच. चौघेच असल्यामुळे जागा असते, वळणे मोठी असतात, आणि पुढचा स्वार बर्मच्या वरच्या कडेला गेला की आतून खाली घुसता येते. तो आतली वाट अडवून बसला तर उंचावरून वेग धरून बाहेर पडताना त्याच्या पुढे जाता येते. पहिले दोघे पुढे जातात हा नियमही डावपेच बदलतो : दुसऱ्या क्रमांकावर सुरक्षित असलेल्याने पहिल्यावर आत्ताच हल्ला करायचा, की मागच्याला अडवत अंतिम फेरीसाठी बळ राखायचे, हा निर्णय वेगात असतानाच करावा लागतो. खांद्याला खांदा लागणे खेळाचा भाग मानला जातो, पण दुसऱ्याला मुद्दाम पाडणाऱ्या स्वारावर कारवाई होते.

यातूनच जोखमीचा प्रश्न येतो. डाउनहिलमध्ये वेग आणि झाडे-दगड यांमुळे पडणे गंभीर होऊ शकते, पण चूक बहुतेक वेळा स्वतःची असते आणि वेग कमी करणे आपल्या हाती असते. फोर-क्रॉसमध्ये दुसऱ्याच्या चुकीने आपण पडू शकतो, तेही हवेत असताना. खांद्याचे हाड आणि मनगट यांना धोका अधिक. म्हणून फुल-फेस हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट, गुडघे व कोपरांची कवचे आणि पाठीचे कवच यांत काटकसर करू नये. ज्याच्या हातावर रोजचे पोट आहे, किंवा ज्याचे मूल लहान आहे आणि घरी मदतीला कोणी नाही, त्याने हा विचार जोडीदारासह शर्यतीआधी करावा. उडी घेता येत नसेल तर टेबलटॉप चाक जमिनीला टेकवत ओलांडता येतो. डबल मात्र अर्धा घेता येत नाही. त्यामुळे ट्रॅक निवडताना तिथे सक्तीच्या डबल किती आहेत, आणि त्यांना बगल देणारी वाट आहे का, एवढे विचारून घेणे पहिल्या वर्षी पुरेसे आहे.

सरावाच्या बाबतीत तिन्हींचे अंतर सर्वांत जास्त आहे. बीएमएक्स ट्रॅकची बर्म बहुधा डांबरी आणि बाकीचा पृष्ठभाग घट्ट असल्याने पाऊस ओसरला की तो लवकर वापरता येतो, आणि दोन तासांत भरपूर सराव होतो. डाउनहिलला डोंगर हवा, वर नेणारी गाडी किंवा गोंडोला हवा, आणि प्रवासासह अख्खा दिवस हवा. फोर-क्रॉसचा ट्रॅक लहान असल्याने सायकल ढकलत वर जाता येते, वाहनाची गरज पडत नाही. पण ट्रॅकच मोजके आहेत, मातीचे आहेत, आणि ब्रिटनच्या हिवाळ्यात ते वापरले तर खराब होतात. घरापासून दीड-दोन तासांत फोर-क्रॉस ट्रॅक नसेल, तर या खेळाला मुख्य खेळ मानणे व्यवहार्य नाही. पंपट्रॅक जवळ असेल तर वेग न गमावता टेकाडांवरून जाण्याचा सराव तिथे उत्तम होतो, परंतु गेटची आणि शेजारच्या स्वाराची सवय तिथे होत नाही.

ज्याच्याजवळ हार्डटेल आहे, ट्रॅक आवाक्यात आहे आणि माणसांशी झुंजण्याची हौस आहे, त्याला मी हिवाळाभर जवळच्या बीएमएक्स क्लबात जाऊन गेटचा सराव करण्याचा आणि वसंतापासून फोर-क्रॉसच्या मिळतील तेवढ्या स्पर्धांत उतरण्याचा सल्ला देईन. अनेक बीएमएक्स क्लब नवख्यांना सरावासाठी सायकल भाड्याने देतात, तेव्हा त्यासाठी दुसरी सायकल घेण्याची घाई नको. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी विचारणा असेल तर उत्तर निःसंशय बीएमएक्स हेच आहे, कारण समवयस्क, प्रशिक्षक आणि पुढची वाट तिथेच आहे. फोर-क्रॉस त्याला नंतरही शिकता येईल. डोंगरात राहणाऱ्या, गर्दीत अवघडणाऱ्या आणि एकच उतार पुन्हा पुन्हा सुधारण्यात समाधान मानणाऱ्याने डाउनहिल निवडावे. आणि ज्याचा निर्णय होत नाही, त्याने स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या सरावाला एकदा जाऊन यावे : मोकळ्या ट्रॅकवर एकट्याने दोन-तीन धावा घ्याव्यात, मग गेटचा सराव सुरू असेल तर आयोजकांना विचारून तीन अनोळखी स्वारांसोबत उभे राहावे. पहिल्या बर्ममध्ये शेजारच्याचे हँडल कोपराजवळ आल्यावर हात आपोआप ब्रेककडे जातो की आणखी एकदा पेडल मारावेसे वाटते, हे तिथेच कळते, आणि सायकलीसाठी पैसे मोजण्याआधी कळते.