केनिया २०१७ : परदेशी निवडणूक निरीक्षणाचे परीक्षण

निवडणूक निरीक्षण ही आता एक आंतरराष्ट्रीय सेवा झाली आहे, आणि सेवा म्हटली की ती कोणाच्या उपयोगी पडली हे तपासलेच पाहिजे. त्यासाठी केनियातील ८ ऑगस्ट २०१७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीइतके बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल आणि कार्टर सेंटर ही अमेरिकी संस्था यांची पथके तिथे होती. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी आणि दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्यासारखी मातब्बर मंडळी त्यांचे नेतृत्व करत होती.

जमेची बाजू आधी नोंदवतो. ‘एलॉग’ या स्थानिक संस्थांच्या आघाडीने नमुना केंद्रांवर कार्यकर्ते बसवून समांतर मतगणना केली आणि त्यासाठी तिला बाहेरून तांत्रिक साहाय्य मिळाले. तिचा अंदाज सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा ५४ टक्के, विरोधी उमेदवार रायला ओडिंगा ४४.७ टक्के असा होता. निवडणूक आयोगाचे आकडे ५४.२७ आणि ४४.७४ निघाले. एवढ्या नेटक्या कामाला दाद दिलीच पाहिजे. मात्र ही पद्धत आकडा पडताळते, तो आकडा कोणत्या वाटेने आला हे पाहत नाही.

खरी मेख त्या वाटेतच होती. निकाल पाठवण्याच्या संगणकीय यंत्रणेची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्या ख्रिस म्सांडो यांचा मतदानाच्या तोंडावर खून झाला होता. नियमाप्रमाणे प्रत्येक केंद्रावर मोजणी संपली की केंद्राध्यक्ष ‘३४-अ’ हा तक्ता भरतो, पक्षांचे प्रतिनिधी त्यावर सह्या करतात, एक प्रत केंद्राच्या दारावर लागते आणि तिचे छायाचित्र यंत्रावरून पुढे जाते. अशी ४०,८८३ केंद्रे होती. निकाल ११ ऑगस्टला जाहीर झाला, पण त्यानंतर तीन दिवसांनीही ११,००० हून अधिक केंद्रांचे तक्ते आयोगाकडे पोहोचलेले नव्हते. परदेशी पथकांनी मात्र निकालाआधीच मतदान आणि मोजणीची वाखाणणी करून टाकली होती. प्रक्रिया अजून सुरू असल्याची नोंद त्यांच्या निवेदनांत होती हे खरे. पण लोकांच्या कानावर पडली ती शाबासकीच. हा या सेवेतील सर्वांत गंभीर दोष आहे.

त्याची किंमत स्थानिक संस्थांना मोजावी लागली. १४ ऑगस्टला सरकारी नियामक मंडळाने केनिया मानवाधिकार आयोग या स्वयंसेवी संस्थेची नोंदणी रद्द केली आणि दोनच दिवसांनी पोलीस व कर अधिकारी ‘आफ्रिकॉग’ या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या कार्यालयाच्या दारात उभे राहिले. सरकारने पुढे कारवाईला ९० दिवसांची स्थगिती दिली. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूकच रद्द ठरवली. निवडणूक म्हणजे केवळ एका दिवसाची घटना नसून ती एक प्रक्रिया आहे, अशी त्यामागची भूमिका होती. नेमकी हीच गोष्ट आफ्रिकॉगसारख्या संस्था कितीतरी आधीपासून कळकळीने सांगत होत्या, आणि पाहुण्यांनी त्यांच्याकडे कान द्यायला हवा होता.

मी या सेवेला पाचपैकी दोन गुण देतो, आणि तेही समांतर गणनेला दिलेल्या पाठबळासाठी. सगळे तक्ते सार्वजनिक होईपर्यंत पथकांनी पहिले निवेदन रोखून धरावे, आणि मतदानानंतरचे काही आठवडे तरी स्थानिक कार्यकर्त्यांच्या शेजारी उघडपणे उभे राहावे. २६ ऑक्टोबरच्या फेरमतदानाच्या वेळी, जेव्हा धोका वाढलेला होता, तेव्हाच काही पथकांनी आपली माणसे कमी केली. युरोपीय संघाचा अंतिम अहवाल जरूर वाचावा, त्यात परखडपणा आहे. पण तो आला जानेवारी २०१८ मध्ये, आणि केन्याटांचा शपथविधी २८ नोव्हेंबरलाच उरकला होता.