परदेशी निधीच्या नावाखाली आमच्या संस्थेचे २,८९,९०० रुपये गेले

आधी ३५,०००. मग ४८,५००. मग १,२०,०००. शेवटी ८६,४००. एकूण २,८९,९०० रुपये, आणि त्यातला एक रुपयाही माझ्या खिशातला नव्हता, हेच जास्त जाळते. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठी आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. त्यांच्या धान्यासाठी आणि अंथरुणांसाठी गावोगाव पावत्या फाडून जमवलेला हा पैसा. मी संस्थेचा सचिव, निवृत्त शिक्षक. ज्याने हे पैसे नेले त्या माणसाचे नाव इथे लिहीत नाही, वकिलांनी तसे बजावले आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो.

आगाऊ फी घेऊन परदेशी अनुदान मिळवून देणारे भामटे असतात, हे तुम्हाला माहीत आहे, आम्हालाही होते. लॉटरीचे मेल आम्ही उघडतसुद्धा नाही. पण हा माणूस पुण्यातल्या एका हॉटेलात संस्थांची कार्यशाळा घेत होता. अस्सल मराठी बोलणारा. १२ए, ८०जी, बदल अर्ज, फॉर्म एफसी-४, संस्थांच्या करसवलतीचे आणि परदेशी निधीचे सगळे कागद तोंडपाठ. आमचा नंबर त्याला कुठून मिळाला? संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दर्पण पोर्टलवरून. तिथे नोंदलेल्या प्रत्येक संस्थेचा पत्ता, फोन, पदाधिकारी, सगळे उघडे असते. तुम्हाला आपणहून फोन करून तुमच्या कामाचे कौतुक करणारा माणूस तुमचे काम पाहून आलेला नसतो, तुमचे पान वाचून आलेला असतो.

‘शिकलेली माणसे फसतातच कशी’ असे आता तालुक्यात बोलले जाते. बोलणाऱ्यांनी आमची अवस्थाही बघावी. २०२० पर्यंत एक मोठी संस्था आपल्या परदेशी निधीतला वाटा आम्हाला देत असे. त्या सप्टेंबरात एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ७ प्रमाणे परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे पूर्ण बंद झाले. स्वतः नोंदणी करावी तर तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत. आमचा वर्षाचा खर्च चार लाखांच्या आसपास. त्यात २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली, १ जुलैला त्यांच्या सरकारी मदत-संस्थेचे, यूएसएआयडीचे काम थांबले, आणि मोठमोठ्या संस्था कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीच्या रांगेत आमच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. अशा वेळी कोणी म्हणाले, ‘गुरुजी, नोंदणी नसली तरी प्रायर परमिशनचा रस्ता आहे,’ तर ऐकावेसे वाटणारच. आणि रस्ता खरोखरच आहे! देणगीदाराचे कमिटमेंट लेटर, म्हणजे निधी देण्याची लेखी हमी, ठरावीक रक्कम, ठरावीक काम दाखवून गृह मंत्रालयाकडे या पूर्वपरवानगीचा अर्ज करता येतो. या माणसाने खोटे असे सांगितले की त्यात नव्वद टक्के खरे होते.

प्रकल्प दोन देशांचा होता: आमचा दुष्काळी पट्टा आणि केनियातला दुष्काळी पट्टा, कामासाठी होणारे स्थलांतर, मागे राहणारी मुले. देणगीदार युरोपातली एक संस्था, रक्कम १ लाख ८५ हजार युरो, म्हणजे पावणेदोन कोटींच्या वर. त्या नावाची संस्था युरोपात खरी आहे. केनियातली संस्थाही खरी आहे. आम्ही नंतर, फार नंतर, केनियाला थेट मेल पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की त्यांना यातले काहीही माहीत नाही. म्हणून पहिले सांगणे हे: भागीदार संस्थेशी तुम्ही स्वतः बोला, मध्यस्थाने जोडून दिलेल्या व्हिडिओ कॉलवर नाही, तिच्या संकेतस्थळावरचा पत्ता स्वतः शोधून.

पहिले ३५,००० प्रपोजल लिहिण्याचे. प्रपोजल उत्तम होते, हे आजही म्हणतो. बिलावर जीएसटी क्रमांक होता. पोर्टलवर तो टाकला की कोणाचा आहे ते फुकटात दिसते. आम्ही टाकला तेव्हा चारही हप्ते गेले होते, आणि तो भलत्याच धंद्याचा निघाला. ४८,५०० ‘देणगीदाराच्या तपासणीचे’. ही रक्कम एका व्यक्तीच्या बचत खात्यात मागितली. आमच्या कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, टीडीएस कापून पाठवू. तो म्हणाला, ‘कापू नका, सर्टिफिकेटची भानगड होते, निव्वळ पाठवा.’ टीडीएस नको म्हणणाऱ्याला आपला पॅन कुठेही नोंदला जायला नको असतो. हे वाक्य प्रत्येक संस्थेच्या कोषाध्यक्षाने आपल्या टेबलावर चिकटवावे.

आणि मग देणगीदाराचे ते कमिटमेंट लेटर आले. ते आठवले की अजून झोप लागत नाही. सुंदर लेटरहेड, सही, शिक्का, आणि खाली निधी जमा होण्यासाठी खाते क्रमांक. तो क्रमांक आमच्याच तालुक्याच्या शाखेतला, आमचे नेहमीचे खाते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी भारतात पहिल्यांदा एकाच ठिकाणी उतरू शकतो: स्टेट बँकेची नवी दिल्ली मुख्य शाखा, संसद मार्ग. आमच्या सीएंनी हे भर सभेत सांगितले होते, माझ्या हस्ताक्षरात इतिवृत्तात आहे! पत्र हातात धरून मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘गुरुजी, ती अट नोंदणीवाल्यांना. प्रायर परमिशनला नाही.’ धादांत खोटे. अट दोघांनाही आहे. एक फोन सीएंना केला असता तर १,२०,००० आणि ८६,४०० वाचले असते. पण मुलांची यादी तयार होती, हंगाम तोंडावर होता, आणि तो माणूस गेल्या काही महिन्यांत आमच्याशी एकदाही आवाज चढवून बोलला नव्हता.

तिसरा हप्ता ‘दिल्लीच्या कामाचा’. इथे लोक मला सर्वात जास्त दोष देतात. २०२२ च्या मेमध्ये सीबीआयने एफसीआरएच्या कामातले अधिकारी आणि दलाल पकडले होते, ती बातमी आम्हीही वाचली होती. त्यावरून सामान्य माणूस काय समजतो? दलालाशिवाय फाईल हलत नाही, असेच ना? प्रत्यक्षात अर्ज ऑनलाइन असतो, फाईल क्रमांक मिळतो, त्याची स्थिती पोर्टलवर स्वतः पाहता येते. त्याने पाठवलेला क्रमांक तिथे नव्हताच. चौथा हप्ता कसल्याशा ‘क्लिअरन्स सर्टिफिकेट’चा, निधीच्या पहिल्या हप्त्यासोबत परत मिळणारा. खरा देणगीदार पैसे देण्यासाठी पैसे मागत नाही. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रे यांनी आपल्या नावाने फी मागणाऱ्यांबद्दल संकेतस्थळांवर इशारे लिहून ठेवले आहेत. चौथा हप्ता गेला आणि त्याचा फोन बंद.

आता पुढचे. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न: ‘पैसे तुम्हीच पाठवले ना? मग चोरी कुठे झाली?’ दुसऱ्याने सांगितले हा दिवाणी वाद. तिसऱ्याने सायबरकडे पाठवले. सायबरवाले म्हणाले, माणूस तुम्हाला प्रत्यक्ष भेटला होता, हे सायबर नाही, ठाण्यात जा. ठाणे म्हणाले, भेट पुण्यात झाली, पुण्याला जा. कशासाठी? भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ काय फक्त पुण्यात लागू आहे? हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायचीच, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. मी ते छापून नेले. साहेबांनी कागद न वाचता परत सरकवला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, पण तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. बँक म्हणते पोलिसांचे पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेने माहिती दिली की पत्र देऊ. आणि जिथे आम्ही दरवर्षी इमानाने हिशेब देतो त्या कार्यालयाने आमच्याकडेच खुलासा मागितला, की विश्वस्तांच्या ठरावाशिवाय तिसरा हप्ता कसा दिला. ठराव मागाहून झाला, हे खरे. पण चोराला नोटीस नाही, आम्हाला आहे! ज्या बाईने वीस वर्षे या संस्थेचा पै-पैचा हिशेब ठेवला, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे प्रश्न विचारले, आणि विचारणाऱ्याने तिला बसायला खुर्चीही दिली नाही.

ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावती जपून. तिथेही काही झाले नाही तर त्याच कलम १७३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आम्ही आता तिथे जात आहोत. त्याच कार्यशाळेत बसलेल्या आणखी दोन संस्थांचे पैसे गेल्याचे कळले आहे, त्यातली एक बदनामीच्या भीतीने गप्प आहे. गप्प राहू नका. या प्रकारच्या माणसाला पैसे दिलेल्या कोणत्याही संस्थेने आपले बँक स्टेटमेंट, बिल, चॅट आणि ते कमिटमेंट लेटर काढून ठेवावे, फोन बदलायच्या आधी चॅटची प्रत घ्यावी, आणि आपल्या तालुक्यात आजच लेखी तक्रार द्यावी. आमच्या वकिलांना अर्जासोबत जोडायला जितक्या तक्रारी मिळतील तितक्या हव्या आहेत.