'तुमच्या कर्नेलसाठी खास बांधलेला' ड्रायव्हर विकत घेण्याआधी हे वाचा

नेटवर्क कार्डाच्या खोक्यावर 'लिनक्सवर चालते' असं छापलेलं होतं आणि विक्रेत्यानेही ते छातीठोकपणे सांगितलं. सोबत मिळाली आधीच कंपाईल केलेली एक मॉड्यूल फाईल, म्हणजे कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडायचा ड्रायव्हर. सोर्स, म्हणजे मूळ कोड, नाही. इनस्मॉड (मॉड्यूल लोड करायची आज्ञा) केलं की 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. कारण कर्नेलच्या लॉगमध्ये स्पष्ट होतं: फाईलमधलं व्हरमॅजिक (ती कोणत्या कर्नेलसाठी बांधली याची खूण) 4.19.67 चं, माझा कर्नेल 5.10.46.

एवढ्यावरून मी कुणाला फसवा म्हणणार नाही. कर्नेलच्या आतले इंटरफेस कायम ठेवण्याचं वचन कुणीच दिलेलं नाही. कर्नेल 4.15 मध्ये जुनं इनिट_टायमर फंक्शन गेलं, 5.6 मध्ये आयोरीमॅप_नोकॅश गेलं. बाहेरच्या ड्रायव्हरला दर वेळी जुळवून घ्यावंच लागतं.

खरी लबाडी पुढे झाली. "तुमची कॉन्फिग फाईल पाठवा, तुमच्या कर्नेलसाठी खास ड्रायव्हर बांधून देतो," असं म्हणत विक्रेत्याने वेगळे पैसे आगाऊ घेतले. फाईल आली, तिच्यासोबत सूचनाही आली: कॉन्फिग_मॉड्यूल_सिग_फोर्स आणि कॉन्फिग_मॉडव्हर्शन्स हे दोन्ही पर्याय बंद करून कर्नेल पुन्हा कंपाईल करा.

पहिला पर्याय सही नसलेलं मॉड्यूल नाकारतो. त्या सहीचं एक वेळ समजू शकतं, सही करायची माझी किल्ली त्याच्याकडे नव्हती. पण मॉडव्हर्शन्स कशाला? हा पर्याय चालू असला की कर्नेल बाहेर उघड केलेल्या प्रत्येक फंक्शनचा सीआरसी (त्याच्या घडणीवरून काढलेला तपासणीचा आकडा) काढून ठेवतो आणि लोड होणाऱ्या मॉड्यूलमधल्या सीआरसीशी तो ताडून पाहतो. ड्रायव्हर खरोखर माझ्याच कर्नेलवर बांधला असता तर ते आकडे आपोआप जुळले असते. आणि त्याने माझ्याकडून ना कर्नेलचा सोर्स मागितला होता, ना मॉड्यूल.सिमव्हर्स (हे सीआरसी असलेली फाईल). मग बांधलं कशावर?

दोन्ही फाईली सीएमपी या बाइट-बाइट तुलना करणाऱ्या आज्ञेने ताडून पाहिल्या. फरक निघाला तो फक्त आवृत्तीच्या आकड्यांत! जुन्याच फाईलवर 4.19.67 खोडून 5.10.46 लिहिलं होतं, बाकी एक बाइटही हललेला नव्हता. राखीव मशीनवर सूचनेप्रमाणे कर्नेल बांधून ती लोड केली, तर उप्स (कर्नेलमधली गंभीर चूक) येऊन मशीन गोठलं. दुसरं काय होणार? कर्नेलमधल्या स्ट्रक्चरची (एकत्र ठेवलेल्या डेटाची) आतली मांडणी आवृत्तीनुसार बदलते, पर्यायांनुसारही बदलते. कॉन्फिग_डीबग_स्पिनलॉक चालू केला तरी स्पिनलॉकचा (कर्नेलमधल्या एका प्रकारच्या कुलपाचा) आकार वाढतो आणि पुढची फील्ड सरकतात. जुना ड्रायव्हर मग भलत्याच जागी लिहितो. हेच सर्व्हरवर झालं असतं तर डेटा गेला असता, याचा मला आजही संताप येतो.

कर्नेलला गंडवण्याची ही तऱ्हा नवी नाही. 2004 मध्ये एका मोडेम ड्रायव्हरने परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) या अक्षरांनंतर शून्य बाइट, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, घातला होता. कर्नेल तिथेच वाचायचं थांबे आणि ड्रायव्हर जीपीएलचाच आहे असं समजे.

म्हणून कार्ड घेण्याआधी त्याचा पीसीआय आयडी (कार्डाचा ओळख क्रमांक) मागून घ्या आणि आपल्या कर्नेलच्या मॉड्यूल्स.एलियस फाईलमध्ये (कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर याच्या यादीत) शोधा. सापडला तर ड्रायव्हर तुमच्याकडे आधीच आहे. नाही सापडला तर सोर्स आणि मेकफाईल (बांधणीच्या सूचनांची फाईल) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि मॉडव्हर्शन्स बंद करायला सांगणाऱ्याला तिथेच नकार द्या.

कार्डाचे पैसे परत मिळाले. ड्रायव्हरच्या पैशांबाबत मात्र 'सॉफ्टवेअर परत घेत नाही' एवढंच उत्तर आलं. दोन्ही फाईली आणि सीएमपीचा निकाल जोडून तक्रार केली आहे.